व्यवसायोपचार: रुग्णालयात की घरी?

मेंदूला इजा झालेल्या प्रौढ व्यक्तीला रुग्णालयातून सुटी मिळताच पुढचा व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीचा उपचार) रुग्णालयाच्या विभागात घ्यावा की घरी, हा प्रश्न उभा राहतो. नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, व्यवसायोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे. अशा विभागात स्मृती, लक्ष आणि हातांची हालचाल पद्धतशीरपणे तपासली जाते, गरजेनुसार स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) बनवून मिळते. सुरुवातीच्या काही महिन्यांत म्हणूनच मला विभाग बरा वाटतो. मे महिन्याच्या उन्हात ऑटोने ने-आण करणे ही मात्र घरच्यांना शिक्षाच असते.

तरीही विभागात शिकलेली कृती घरी आपोआप उतरत नाही. तेथल्या मेजावर संत्रे नीट सोलणारा माणूस स्वतःच्या ओट्यापाशी चहात साखर घालायचे विसरतो. आणि डाव्या बाजूचे भान हरपले असेल, तर नजर चांगली असूनही डावीकडचा कप त्याच्या लक्षातच येत नाही. घरी येणारा उपचारतज्ज्ञ नेमके हेच पाहतो. तो चहाचे टप्पे लिहून भिंतीवर लावतो, ओट्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून तेथपर्यंत नजर न्यायची सवय लावतो आणि गॅस बंद करण्याची आठवण राहावी म्हणून मोबाइलचा गजर वापरायला शिकवतो.