केरुअॅक, पिर्सिग की हीट-मून: आधी कोणतं पुस्तक घ्यावं?

अमेरिकेतल्या रस्त्यांवरची पुस्तकं वाचायची म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात: जॅक केरुअॅकची ‘ऑन द रोड’ (१९५७), रॉबर्ट पिर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४) आणि विल्यम लीस्ट हीट-मूनचं ‘ब्लू हायवेज’ (१९८२). तिन्हींतली माणसं आयुष्यात काहीतरी अपुरं वाटतंय म्हणून निघतात. हाती मात्र प्रत्येकाच्या वेगळं लागतं, म्हणून निवड विचारपूर्वक करावी.

‘ऑन द रोड’ भाषेच्या वेगासाठी घ्यावी. केरुअॅकने एप्रिल १९५१ मध्ये सुमारे तीन आठवड्यांत कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर तिचा खर्डा टाइप केला. नायक सॅल नकाशावरचा सहा नंबरचा हायवे धरून थेट पश्चिमेला जायचं ठरवतो. बेअर माउंटनपाशी पाऊस गाठतो, कुणी गाडीत घेत नाही; तो भिजून न्यूयॉर्कला परततो आणि बरेचसे पैसे शिकागोच्या बसतिकिटावर घालवतो. मित्र डीन ज्याला ‘इट’ म्हणतो, तो तृप्तीचा क्षण जाझवादकाने एकट्याने वाजवलेल्या एका सोलोएवढा टिकतो. शेवटी मेक्सिको सिटीत सॅल हगवणीने अंथरुणाला खिळलेला असताना हाच डीन त्याला तिथे सोडून निघून जातो. मागे राहिलेल्या बायका-मुलांचा हिशोब कादंबरी फारसा मांडत नाही, आणि आज वाचताना ते खटकतं. मधल्या भागांत पूर्व-पश्चिम किनाऱ्यांची तीच ती ये-जा होते. पुस्तक हातातून सुटतं ते बहुधा तिथे. मूळ गुंडाळीचा मजकूर २००७ साली छापला गेला. त्यात परिच्छेद नाहीत, नावं खरी आहेत. पहिल्या वाचनाला १९५७चीच आवृत्ती बरी.

एकच पुस्तक घेणार असाल, तर पिर्सिगचं घ्या. १९६८ साली मुलगा ख्रिसला मागे बसवून तो मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला मोटरसायकलवर गेला, त्यावर हे बेतलेलं आहे. वाटेत सोबत एक मित्र आणि त्याची बायको बीएमडब्ल्यू मोटरसायकलवर. त्या गाडीचं हँडल घसरू लागतं. निवेदक सुचवतो, बिअरच्या कॅनचा पत्रा कापून पॅकिंग म्हणून घालू. अॅल्युमिनियम मऊ असतं, धातूला घट्ट बसतं, काम होईल. मित्राच्या ते मनाला लागतं. अठराशे डॉलरच्या कोऱ्या गाडीला बिअरचा डबा! एकाला धातूचा गुण दिसतो, दुसऱ्याला डब्याची पत, आणि पुस्तकाचा बराचसा युक्तिवाद या दोन नजरांमधल्या अंतरावर उभा आहे.

पुढे चोविसाव्या प्रकरणात साइड कव्हरचा एक स्क्रू अडकतो, जोर लावल्यावर त्याची खाच फाटते. कव्हर निघत नाही म्हणून दुरुस्ती ठप्प, आणि गाडीच चालत नाही म्हणून त्या क्षणी त्या चिमुकल्या स्क्रूची किंमत अख्ख्या मोटरसायकलएवढी. असं अडकल्यावरच माणूस वस्तूकडे पूर्वग्रहाविना बघू लागतो, असं पिर्सिगचं म्हणणं. खोललेले भाग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवावेत, असल्या सूचनाही आहेत. पण गाडी दुरुस्तीचं मॅन्युअल म्हणून हे घेऊ नये. माहितीच्या बाबतीत ते फार चोख नाही, हे लेखकच सुरुवातीला सांगतो.

आपल्या वाचकासाठी यात आणखी एक दुवा आहे. पिर्सिग बनारस हिंदू विद्यापीठात शिकला होता. पुस्तकातला फीड्रस, म्हणजे निवेदकाचंच जुनं रूप, तिथे प्राध्यापकांना विचारतो: हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले बॉम्बही मायाच का? ते हसून हो म्हणतात. फीड्रस वर्ग सोडतो, भारत सोडतो. हे पान टोचतं, आणि टोचायलाच हवं.

अडचण येते उत्तरार्धात. प्लेटो, अॅरिस्टॉटल आणि शिकागो विद्यापीठातले वाद लांबतात, आणि बाप-लेकाची गोष्ट मागे पडल्यासारखी वाटते. तरी ती पानं गाळू नका. फीड्रसचं काय झालं ते कळल्याखेरीज ख्रिसची अस्वस्थता उलगडत नाही. बसल्या बैठकीला एकच प्रकरण वाचा. १९८४ साली जोडलेला उपसंहार आधी उघडू नका.

‘ब्लू हायवेज’चा लेखक १९७८ साली, नोकरी गेलेली आणि बायको दुरावलेली असताना, फोर्ड व्हॅन घेऊन जुन्या नकाशांवर निळ्या रेघांनी दाखवलेल्या आडरस्त्यांनी सुमारे १३,००० मैल फिरला. स्वतःच्या दुःखाबद्दल तो कमी बोलतो, छोट्या गावांतल्या लोकांना बोलू देतो. खानावळ पारखायची त्याची खूण म्हणजे भिंतीवरची कॅलेंडरं मोजणं: जितकी जास्त, तितकं जेवण चांगलं. कथानकाचा जोर नाही, त्यामुळे सलग वाचलं तर कंटाळा येतो. दहा भागांपैकी एकेक भाग सवडीने घ्यावा. स्वतःच्याच विचारांचा वीट आलेल्या वाचकाला मी पिर्सिगच्याही आधी हे देईन.

जॉन स्टाइनबेकचं ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) छोटं आणि प्रेमळ आहे, पण त्यातले काही प्रसंग व संवाद रचलेले असावेत असा आक्षेप पुढे घेतला गेला. प्रवासाची विश्वासार्ह नोंद हवी असेल, तर हीट-मूनच घ्या.