माझदा एमएक्स-५ : कोरी घ्यावी की थोडी चाललेली?

एमएक्स-५ ही माझदाची उघड्या टपाची, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. सध्याची ही चौथी पिढी, २०१५ पासून बाजारात असलेली. बाहेरून पाहिलं तर एवढ्या वर्षांत फारशी बदललेली वाटत नाही. आत मात्र ती बरीच बदलली आहे, आणि कोरी घ्यायची की दोन-तीन वर्षं चाललेली, हे त्या बदलांकडे बघूनच ठरवावं. नुसती किंमत बघून ठरवणारा फसतो. ही गाडी आपली किंमत चांगली धरून ठेवते. चांगल्या अवस्थेतली वापरलेली गाडी पुष्कळदा कोऱ्या गाडीच्या इतकी जवळ जाते की वाचलेले पैसे टायर, बॅटरी आणि एका मोठ्या सर्व्हिसमध्येच संपतात.

सगळ्यात मोठी रेघ २०१८ च्या मध्यावर ओढावी लागते. त्याआधीचं दोन लिटरचं इंजिन १६० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) होतं आणि ६८०० आरपीएमला संपायचं. नंतरचं १८४ पीएसचं आहे आणि ७५०० पर्यंत जातं. पिस्टन प्रत्येकी २७ ग्रॅमने आणि कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलके केले, थ्रॉटल मोठा केला, फ्लायव्हील बदललं. आकड्यांत हा फरक २४ पीएसचा, पण चालवताना तो त्याहून मोठा जाणवतो. जुनं इंजिन वर गेल्यावर दमायचं, आणि नेमकं तिथेच नवं खुलतं. बहुतेक देशांत हे इंजिन २०१९ चं मॉडेल म्हणून आलं, त्यामुळे नोंदणीच्या सालावर विसंबू नका. सीटवर बसा आणि आरपीएमच्या काट्याखाली लाल पट्टा कुठे सुरू होतो ते पाहा. मग स्टीअरिंगची खिट्टी सोडून ते पुढेमागे ओढून बघा. आधीच्या गाडीत स्टीअरिंग फक्त वरखाली होतं, पुढेमागे सरकायला लागलं ते याच बदलात. उंच माणसासाठी तर इंजिनापेक्षाही हे जास्त कामाचं आहे. दीड लिटरच्या गाड्यांना ही रेघ तितकीशी लागू नाही, ते इंजिन पहिल्यापासूनच ७५०० पर्यंत फिरतं.

सुरुवातीच्या दोन लिटरच्या मॅन्युअल गाड्यांबद्दल दुसरी आणि जास्त गंभीर गोष्ट गिअरबॉक्सची. वजन वाचवण्यासाठी हा सहा गिअरचा डबा फार हलका बनवलाय. जोरात, घाईने गिअर मारणाऱ्यांच्या हातात पहिल्या काही वर्षांतल्या गाड्यांचा डबा तुटल्याच्या तक्रारी आल्या, आणि बहुतेकदा दुखणं दुसऱ्या गिअरचं होतं. कंपनीने आतले भाग टप्प्याटप्प्याने सुधारले. म्हणून स्वस्त मिळतेय एवढ्याच कारणाने २०१६-१७ ची दोन लिटरची मॅन्युअल गाडी घेऊ नये. घ्यायचीच असेल तर डबा वॉरंटीत बदलला होता का, याचा सर्व्हिसचा कागद मागा. बदलला असेल तर ती जमेची बाजू आहे.

२०२२ च्या मॉडेलपासून केपीसी (किनेमॅटिक पोश्चर कंट्रोल) नावाची यंत्रणा आली. जोराच्या वळणावर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ती अगदी हलका ब्रेक लावते, त्यामुळे गाडीचा मागचा भाग वर उचलला जात नाही आणि शरीर कमी झुलतं. सगळं काम सॉफ्टवेअरचं, वजन एक ग्रॅमही वाढलेलं नाही. मग २०२४ च्या मॉडेलला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या फिरण्यातला फरक आवरून धरणारा भाग, नवं आलं. वेग कमी करत वळणात शिरताना ते जास्त घट्ट धरतं, त्यामुळे अॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडीचं बूड सैल पडत नाही. स्टीअरिंगच्या यंत्रणेतलं घर्षण कमी केलं आणि पडदा ८.८ इंचांचा झाला. मात्र हे डिफरन्शियल प्रत्येक व्हेरिएंटमध्ये मिळत नाही. विक्रेत्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, त्या गाडीची यादी तपासा.

आता हिशेब. कोऱ्या गाडीची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत १०० धरा. वापरलेल्या गाडीच्या किमतीत चार टायर, ब्रेक पॅड, सगळी ऑइलं बदलणारी सर्व्हिस आणि बॅटरी यांचा खर्च मिळवा. टायर नवे असतील तर ते वगळा. कर्ज काढणार असाल तर दोन्हीकडचं पूर्ण मुदतीचं व्याज मांडा, वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा दर पुष्कळदा चढा असतो. एवढं करून वापरलेली ८५ च्या खाली राहिली तर तिचा विचार करावा. ९० च्या पुढे गेली तर कोरीच घ्यावी. मधल्या गाडीचा निकाल उरलेली वॉरंटी लावते. वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर जाते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

‘फक्त ६००० किलोमीटर चाललेली’ या वाक्याला भुलणारे खूप. चार वर्षांत सहा हजार म्हणजे गाडी बहुतेक वेळ झाकून उभी होती. उभ्या गाडीचे टायर एका जागी दबतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि बॅटरी आतून मरते. ओला असताना दुमडलेला कापडी टप महिनोन्‌महिने तसाच राहिला की त्यावर बुरशीचे डाग पडतात. दोन वर्षांत पंधरा-वीस हजार चाललेली आणि दरवर्षी ऑइल बदललेली गाडी तिच्यापेक्षा केव्हाही बरी.

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र न्यायचं तर अॅल्युमिनियमवर चालणारंच न्या. या गाडीचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि पुढचे फेंडर अॅल्युमिनियमचे आहेत. तिथे लोहचुंबक चिकटत नाही म्हणून कुणी ‘लांबी (पुट्टी) भरलीय’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉनच्या आसपास असतो. एकाच भागावर २०० च्या वर आकडा गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. ५०० च्या पुढे गेला तर खाली लांबी आहे. लाल गाडी असेल तर जास्त बारकाईने बघा. सोल रेड हा थरांचा रंग आहे आणि डागडुजीत तो हुबेहूब जुळवणं कठीण जातं. बाजूने तिरपं पाहिलं की दरवाजा आणि फेंडरमधला फरक लगेच कळतो.

काही देशांतल्या गाड्यांत पादचाऱ्याला वाचवण्यासाठी स्फोटकाने उचललं जाणारं बॉनेट असतं. एखादं जनावर आडवं आलं तरी ते उडू शकतं, आणि परत बसवण्याचा खर्च मोठा असतो. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा इग्निशन चालू केल्यावर लागून विझतोय ना, ते पाहा. न लागणं हे लागून राहण्याइतकंच वाईट, कारण मग तो दिवाच काढून टाकलेला असण्याची शक्यता असते.

टप दोनदा उघडा-मिटा. दुमडतो तिथली कापडाची घडी बोटाने चाचपा, झिजून धागे दिसत असतील तर किंमत उतरवा. सीटमागच्या कोपऱ्यांत गालिच्याखाली हात घालून ओल बघा. टपावरून उतरणारं पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या की ते गाडीतच मुरतं. आरएफ, म्हणजे बटणाने दुमडणाऱ्या कडक छपराची गाडी, असेल तर इंजिन चालू ठेवून छप्पर पूर्ण उघडा आणि बंद करा. १३ सेकंदांच्या आसपास, न अडखळता काम व्हायला हवं. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. स्टेपनी या गाडीला नाही, डिकीत पंक्चरचं द्रावण मिळतं. त्याच्या बाटलीवर मुदत छापलेली असते.

टेस्ट ड्राइव्ह इंजिन गार असतानाच सुरू करायची. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. गार डब्यात पहिल्यावरून दुसरा टाकताना थोडा जडपणा चालतो, खरखर चालत नाही. गरम झाल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ४००० पर्यंत न्या, अॅक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि कान द्या. कळवळल्यासारखा सूर आला किंवा गिअर सुटून न्यूट्रलला आला तर तिथेच थांबा. मग चौथ्या गिअरमध्ये २००० वरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झटकन चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच संपलाय. शेवटी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. एकही कोड नाही, पण यंत्रणेच्या स्वतःच्या तपासण्याही अपूर्ण दिसतायत, तर कोड नुकतेच पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी. कारण विचारा, आणि काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

एवढं पाहून झाल्यावर आमचं मत असं. रोजच्या आनंदासाठी घेणाऱ्याला २०१९ ते २०२३ मधली, पूर्ण सर्व्हिस नोंदी असलेली आणि कुठलंही फेरफार न केलेली दोन लिटरची मॅन्युअल गाडी सर्वात जास्त देते. रेसट्रॅकवर अधूनमधून जाणाऱ्याने नवं डिफरन्शियल असलेली कोरी घ्यावी. ट्रॅकवर वापरलेली गाडी, ती कितीही चकचकीत असो, दुसऱ्याकडून घेऊ नये.

कोरी घेताना एक गोष्ट सांभाळा. शोरूममधली डेमो गाडी ‘जवळजवळ नवी’ म्हणून थोड्या सवलतीत पुढे केली जाते. तिच्यावर अनोळखी माणसांनी गार इंजिन ताणलेलं असतं, गिअर कसेही मारलेले असतात. सवलत वापरलेल्या गाडीइतकी मिळत नसेल तर ती सोडा आणि अलीकडे बनलेली दुसरी गाडी मागा, बनल्याचा महिना तपासून. पहिले १००० किलोमीटर इंजिन जोरात फिरवू नका, पूर्ण अॅक्सिलरेटर नको, विनाकारण करकचून ब्रेक नको, आणि लांबच्या रस्त्यावर एकाच वेगाने तासन्‌तास जाऊ नका. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच भरा.