सोनी २००-६०० : टळटळीत ऊन आणि पळणारं जनावर
सोनीची ही २०० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स (आकडा वाढला की लांबचं मोठं दिसतं) २०१९ ला आली, आता नवीन काय सांगणार असं वाटेल, पण बहुतेक रिव्ह्यूत एक तर फांदीवर निवांत बसलेला पक्षी असतो नाहीतर टेस्ट चार्ट, म्हणजे लेन्सची धार तपासायचा छापील तक्ता. मी ही उघड्या माळावर, उन्हात, पळणाऱ्या हरणांवर वापरतो, म्हणून त्याच अंगाने लिहितोय.

सगळ्यात भारी म्हणजे झूम आतल्या आत होतो, नळी पुढे येत नाही, तोल होता तिथेच राहतो आणि रिंग जराशी फिरवली की २०० वरून थेट ६००. कळप सुसाट येत असतो तेव्हा २०० वर शोधायचा, एक हरीण धरायचं आणि पकड न बदलता आत घुसायचं, ते फ्रेमबाहेर सटकत नाही. फोकस लिमिटर, म्हणजे लेन्सने किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण, १० मीटर ते इन्फिनिटीवर (अनंत अंतरावर) टाकून ठेवा, नाहीतर जनावर सुटलं की लेन्स पार जवळपर्यंत जाऊन शोधत बसते. पॅनिंगला, म्हणजे जनावराबरोबर कॅमेरा फिरवत नेताना, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) मोड २, वेड्यावाकड्या उड्या चालल्या असतील तर मोड ३.

६०० ला एफ ६.३, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र तसं लहान, म्हणून लोक नाक मुरडतात. अहो, रणरणत्या उन्हात शटर १/३२०० सेकंद ठेवलं तरी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) ५०० च्या आसपास राहतो! उजाडताना मात्र प्रकाशाची चणचण भासते, ते मान्य.

वजन २.१ किलो, ट्रायपॉड कॉलर (लेन्स स्टँडवर बसवायचं कडं) सोडून. हातात धरून जमतं पण दंड भरून येतात, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्याच. आणि कॉलरच्या पायाला आर्का-स्विस खाच (स्टँडवर पटकन अडकवायची प्रचलित खाच) नाही, प्लेट वेगळी लावायची, एवढ्या महागड्या लेन्सला हा कंजूषपणा कशाला कळत नाही. पांढऱ्या रंगाला हसतात लोक पण उन्हात काळ्यापेक्षा कमी तापते.

आता खरा घोळ. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापून थरथरते, कमीजास्त तापलेल्या थरांतून प्रकाश वाकत वाकत येतो आणि लांबच्या हरणाच्या शिंगाची कड नागमोडी होते, डोळा कुठे संपतो कळत नाही, बर्स्टमधली (सलग धडाधड काढलेल्या फोटोंतली) एक फ्रेम बरी तर पुढची पार गिचमिड. मग लोक म्हणतात लेन्स सॉफ्ट आहे, धार नाही, आपल्या वाट्याला आलेला नगच खराब. तेच हरीण जवळ आलं की याच लेन्समध्ये पापणीचे केस मोजता येतात! शटर वाढवून हे जात नाही, आणि १.४ टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये लावायचा, १.४ पट मोठं दाखवणारा जोड) लावून ८४० केलं तर हरणाबरोबर थरथरही मोठी होते, वर एफ ९, म्हणजे प्रकाश अजून कमी, त्यामुळे दुपारी तो बॅगेतच बरा. लांबचं जवळ आणायला म्हणून ही घेत असाल तर उन्हात निराश व्हाल, सकाळी लवकर जाऊन, बऱ्यापैकी जवळच्या जनावराने फ्रेम भरायला घेत असाल तर डोळे झाकून घ्या.

गाडीतून शूट करत असाल तर एसी बराच आधी बंद करून काचा खाली करा, नाहीतर आतली गार आणि बाहेरची गरम हवा लेन्सच्या तोंडाशीच मिसळते आणि अगदी जवळचा फोटोही बिघडतो. बॉनेटवरून तर घेऊच नका, इंजिनची धग सरळ समोर येते.