खाडीवरचा पूल पाडण्याआधी: जीपीआर की चाचणी खड्डा?
२०१६ ला महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला तेव्हापासून जुने पूल बदला म्हणतायत, बरोबरच आहे, पण नवीन खांब रोवायच्या आधी खाली जुने अवशेष काय गाडलेले आहेत ते बघा ना!

जीपीआर, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडून खाली काय आहे ते बघणं, पटकन होतं, जमीन खणावी लागत नाही, पण खाडीच्या खारट ओल्या चिखलात रडारच्या लहरी लगेच विरतात, खोलवरचं काही दिसतच नाही. वरच्या कोरड्या वाळूत ठीक.

चाचणी खड्ड्याला वेळ जातो, भरतीला पाणी भरतं, पंप लागतो, आणि खणलेला थर परत जागेवर येत नाही. तरी खापरं, जुन्या धक्क्याचे चिरे, थरांचा क्रम हातात येतो. चौल, दाभोळसारख्या जुन्या बंदरांच्या काठाला मी तरी खड्डाच म्हणेन, तोही पावसाळ्याआधी, ओहोटी बघून.