‘फिक्स’ म्हणाले, निघाले दोनच वर्षांचे

नागपुरात बेसा भागात फ्लॅट घेतला तेव्हा, 2021 मध्ये, 28 लाखांचं कर्ज 7 टक्क्यांनी मिळालं होतं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं. हप्ता 21,708. मग मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला आणि आमचा दर 9.5 झाला. हप्ता तोच होता, पण त्यातले एकवीस हजारांवर व्याजातच जायचे. मुद्दलात जेमतेम पाचशे. मुदत यांच्या निवृत्तीच्या पार पुढे गेली. ते स्टेटमेंट बघून मला रात्ररात्र झोप येत नव्हती, आणि नेमक्या अशाच माणसाला एजंट हेरतो.

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता तेव्हा तो घरी आला. कूलरसमोर बसून म्हणाला, “ताई, टेन्शनच नका घेऊ. 9.25 टक्के, पूर्ण वीस वर्षं फिक्स. रेपो कुठंही जाऊ द्या.” धरमपेठेतल्या एका गृहवित्त कंपनीत (घरासाठी कर्ज देणारी, पण बँक नव्हे) कर्ज बदलून देणार होता. पस्तीस हजार रोख घेतले, “फाइल लवकर निघते” म्हणून. पावती दिली नाही, आम्ही मागितलीही नाही.

सह्यांचा दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. जाडजूड करार, सही करायच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. तो एका हाताने पानं उलटत होता आणि दुसऱ्या हाताचा पंजा मजकुरावर ठेवून फक्त फुली उघडी ठेवत होता. हे थांबून वाचू लागले तर म्हणाला, “इतकं काय वाचून राहिले भाऊ, सगळ्यांचं हेच असते.” आणि यांनी सही केली. मीही केली.

त्या कराराच्या 14व्या पानावर लिहिलं होतं: दर पहिले 24 महिने स्थिर, त्यानंतर कंपनीच्या स्वतःच्या मूळ दराप्रमाणे बदलता. शिवाय कर्ज 27 लाख 90 हजारांचं निघालं, कारण 1 लाख 18 हजारांचा एकरकमी विम्याचा हप्ता गुपचूप कर्जातच घातला होता. वीस वर्षं त्यावर व्याज! विमा परत करायची मुदत असते, हे आम्हाला ती मुदत टळल्यावर कळलं.

2025 च्या जूनपर्यंत रेपो उतरून 5.5 वर आला. जुन्या बँकेत असतो तर आमचा दर साडेआठच्या आसपास असता, कारण बँकांना फ्लोटिंग गृहकर्जाचा दर रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना ती सक्ती नाही. आमची दोन वर्षं संपली आणि दर 11.4 झाला. हप्ता 25,553 वरून 29,297. एजंटाचा नंबर बंद.

आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं, “करारावर तुमची सही आहे.” मग गृहवित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर तक्रार टाकली, निकाल अजून यायचा आहे. दरम्यान कर्ज परत बँकेत नेतोय. दर फ्लोटिंग झाल्यावर मुदतीआधी फेडलं तरी दंड घेता येत नाही, एवढाच दिलासा.

या वेळी सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून घेतलं. 1 ऑक्टोबर 2024 पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात दर स्थिर की बदलता, विमा आणि शुल्कांसह वर्षाचा खरा खर्च किती, सगळं येतं. हे ते घरी मोठ्याने वाचत होते आणि मी आकडे वहीत उतरवत होते. तुम्हीही कागद घरी आणा. कोणी “फिक्स” म्हणालं की “किती महिने?” विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार दर बदलताना स्थिर दरावर जाण्याचा पर्याय मूळ बँकेलाही द्यावा लागायचा, शुल्क सांगून; ऑक्टोबर 2025 पासून तो देणं बँकेच्या मर्जीवर आहे. आधी तिथंच विचारा.

आमच्याच बिल्डिंगमधल्या आणखी एका घराने त्याच माणसाकडून कर्ज बदललं आहे. काल त्यांचा करार उघडून 14वं पान काढलं. शब्द न् शब्द तोच. त्यांचे 24 महिने येत्या मार्चमध्ये संपतात.