गुडघ्यातला ‘पू’ काढून देतो म्हणत आईला लुबाडलं

आईचे गुडघे दुखतात एवढं हेरून दोन माणसांनी भरदिवसा, तिच्याच घरात, तिच्याच पलंगावर तिला बसवून साडेतीन लाख रुपये काढून घेतले. वर दोन्ही गुडघ्यांना ब्लेडने चिरा पाडल्या त्या वेगळ्याच. मुंबई, ठाणे, पुणे या भागांत अशा घटना गेली कित्येक वर्षं घडताहेत, वर्तमानपत्रांत छापूनही येतात. पण बातमी चार ओळींची असते. ही माणसं नेमकं काय बोलतात, कुठे थांबतात, कधी घाबरवतात, ते त्यात येत नाही. आणि माणूस फसतो तो त्या बोलण्यानेच. म्हणून आईबाबांना विचारून, त्यांच्या परवानगीने हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आई सत्तरीला आली आहे, मधुमेह जुना आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली; एक्स-रेच्या रिपोर्टात ‘ग्रेड ३’ लिहिलेलं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढेमागे सांधा बदलावा लागेल, पण आत्ता घाई नाही. आईच्या मनात त्यातला ‘सांधा बदलावा लागेल’ एवढाच भाग रुतून बसला. नात्यातल्या एका मावशींचे ऑपरेशननंतर फार हाल झालेले तिने डोळ्यांनी पाहिले होते. ऑपरेशनशिवाय काही होत असेल तर ते करायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं, आणि तसं ती भेटेल त्याला सांगायचीही.

गुरुवारी ती दत्ताच्या देवळात जाते. कठडा धरून, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत उतरत होती. एका चाळिशीतल्या माणसाने पुढे होऊन हात दिला. कपडे नीटनेटके, कपाळाला अष्टगंध, बोलणं अगदी घरच्यासारखं. ‘काकू, सावकाश. माझ्या आईचंही अगदी असंच होतं हो. दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. आता पहाटे उठून फिरायला जाते.’ औषधाचं नावसुद्धा त्याने काढलं नाही. आईनेच विचारलं, काय केलंत मग? तेव्हा म्हणाला, एक डॉक्टर आहेत, बाहेरून येतात, महिन्यातून दोनच दिवस. ऑपरेशन नाही, टाका नाही, इंजेक्शन नाही. आईचा नंबर त्याने मागितला नाही, डॉक्टरांचा नंबर मात्र कागदावर लिहून दिला. ‘तुम्हाला वाटलं तरच करा फोन.’ आईचा विश्वास बसला तो इथे. गळ्यात मारणारा माणूस असा बोलत नाही, असं तिला वाटलं.

फोन बाबांनी केला. पलीकडच्या माणसाने फी सांगितलीच नाही. ‘आधी तपासतो. पू असेल तरच उपचार, नसेल तर चहा पिऊन परत जाईन. दर थेंबाला चार हजार.’ किती थेंब निघतील विचारल्यावर म्हणाला, दहा-बारा, फार तर पंधरा. म्हणजे साठ हजार. ऑपरेशनच्या मानाने बाबांना ते परवडण्यासारखं वाटलं.

दोघं आले. एक ‘डॉक्टर’, एक मदतनीस. आईला पलंगावर पाय लांब करून बसवलं, गुडघ्यांवर कसलंसं तेल चोळलं आणि ब्लेडने बारीक बारीक चिरा दिल्या. मग एक पितळी नळी काढली, खाली रुंद, वर निमुळती. रुंद तोंड गुडघ्यावर दाबून त्याने वरून तोंडाने ओढलं आणि नळी स्टीलच्या वाटीतल्या पाण्यात आपटली. पाण्यात पिवळट, दाट, धागे सुटणारं काहीतरी पडलं. ‘बघा काकू, हे इतकी वर्षं आत साठलं होतं.’ मदतनीस वहीत उभ्या रेघा ओढत होता. प्रत्येक ओढीला चार-पाच थेंब तो मोठ्याने मोजायचा. बाबा भानावर येईपर्यंत एका गुडघ्याचेच पन्नासाच्या वर थेंब झाले होते.

बाबांनी थांबायला सांगितलं तेव्हा त्या माणसाचा आवाज बदलला. ‘तोंड उघडलंय आता. अर्धवट सोडलं तर हे विष रक्तात जाईल, हृदयापर्यंत जाईल. जबाबदारी तुमची.’ आईच्या पायांतून रक्त वाहतंय, समोर वाटी भरलेली, आणि वर हे बोलणं. मदतनीस बाबांना स्कूटरवर बसवून बँकेत घेऊन गेला. वाटेत पढवलंही, की बँकेत विचारलं तर घराच्या कामाला पैसे लागताहेत म्हणून सांगा, उपचाराचं नाव काढलं तर चौकश्या करत बसतील. मुदत ठेव मोडली. रोख रक्कम हातात पडल्यावर दोघांनी शांतपणे चहा घेतला, ‘भस्म’ म्हणून काही पुड्या दिल्या, त्यांचे वेगळे पैसे घेतले आणि गेले. पावती नाही, चिठ्ठी नाही. फोन त्याच संध्याकाळी बंद.

मला हे सगळं खूप उशिरा कळलं, कारण आईला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं! जिना चढली म्हणून तिने मला कौतुकाने फोनही केला होता. वाचणाऱ्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण ‘आमच्या ओळखीत एकाला गुण आला’ ही साक्ष इथूनच तयार होते. थोड्याच दिवसांत आईचा चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, सारखी तहान लागायला लागली, आणि तपासली तर साखर तीनशेच्या वर. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पुडी हातात घेतली आणि पहिलाच संशय व्यक्त केला तो स्टेरॉइडचा. असल्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडणं ही डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवातली गोष्ट आहे. त्याने सूज उतरते, दुखणं दबतं, भूक लागते, तरतरी येते. पण गुडघा होता तसाच राहतो आणि मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड यांची वाट लागते. अशी पुडी कुणी बरेच आठवडे घेत असेल तर मनानेच एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने बंद करा. स्टेरॉइड अचानक तुटलं तर शरीराला तेही झेपत नाही.

नंतर हाडांच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून जे समजावलं ते आधी कुणीतरी आईला समजावायला हवं होतं. गुडघ्याच्या झिजेत पू होतच नाही. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, हाडाला कडेने वाढ येते, आतलं अस्तर अधूनमधून सुजतं. सांध्यात थोडा द्राव प्रत्येकाच्याच असतो. सूज आली की तो वाढतो, पण तो फिकट पिवळा आणि पारदर्शक असतो. खरोखर पू झाला तर गुडघा लालबुंद आणि गरम होतो, ताप भरतो, पाय हलवता येत नाही, आणि अशा माणसाला त्याच दिवशी हॉस्पिटलात न्यावं लागतं. सांध्यातलं पाणी काढायची वेळ आलीच तर निर्जंतुक सुईने काढतात, सिरिंजमध्ये ते आपल्याला दिसतं आणि प्रयोगशाळेत तपासायला जातं. कातडीवर चीर देऊन तोंडाने ओढलं तर कातडीचं रक्त येईल, बाकी काही नाही. कातडी, चरबी आणि सांध्याची पिशवी एवढं ओलांडून नळी आत पोचूच शकत नाही. वाटीत पडलं ते त्यांनी बरोबर आणलेलं होतं.

ऑपरेशनशिवायचे उपाय आहेत. त्यांना मर्यादा आहेत आणि चांगला डॉक्टर त्या आधी सांगतो. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन. एक किलो वजन घटलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. आईला फिजिओथेरपिस्टने पहिल्यांदा शिकवलं ते इतकं साधं होतं की तिला त्यात राम वाटेना: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं. ज्या बाजूचा गुडघा जास्त दुखतो त्याच्या उलट्या हातात काठी धरायची. उकिडवं बसणं बंद, कमोड वापरायचा. दुखेल तेव्हा डायक्लोफिनॅकचं मलम. त्याच्या गोळ्या मात्र मधुमेह आणि मूत्रपिंड बघूनच.

मग इंजेक्शनं. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही आठवडे आराम पडतो; मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. ते वरचेवर घ्यायचं नाही. दर तीन महिन्यांनी असं दोन वर्षं दिलेल्या रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कूर्चेची झीज जास्त झाली आणि दुखण्यात नुसत्या खाऱ्या पाण्याच्या, म्हणजे औषधच नसलेल्या इंजेक्शनपेक्षा फरक पडला नाही. लोक ज्याला ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणतात ते हायलुरोनिक ॲसिड. अमेरिकेतली अस्थिशल्यविशारदांची संघटना ते सरसकट द्यावं असं म्हणत नाही. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात सोडणं. काही जणांना त्याने बरं वाटतं, पण 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 288 रुग्णांवरच्या चाचणीत वर्षभरानंतर पीआरपी आणि खाऱ्या पाण्याचं इंजेक्शन यांच्यात ना दुखण्यात लक्षणीय फरक दिसला, ना कूर्चेत. गुडघ्याभोवतीच्या, वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसा सुईच्या टोकाने तापवून बधिर करण्याचाही एक उपचार आहे, रेडिओफ्रिक्वेन्सीचा. ऑपरेशन झेपणार नाही अशा वृद्धांना तो कामी येतो. त्याने बरेच महिने दुखणं कमी राहू शकतं, पण नस पुन्हा वाढते, आणि झीज काही थांबत नाही.

हे इतकं खोलात लिहिण्याचं कारण आहे. आमच्याकडे हे सगळं घडून गेल्यावरही आईची आशा कायम होती, आणि एका मंगल कार्यालयात ‘मोफत गुडघेदुखी शिबिर’ असल्याचं पत्रक घरात आलं. या वेळी मी बरोबर गेले. इथे पितळी नळी नव्हती, चकचकीत स्क्रीन होता, कोट घातलेली मुलं होती. ‘स्टेम सेलने गुडघ्याची गादी पुन्हा तयार होते, ऑपरेशन कायमचं टळतं.’ (स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी.) पॅकेज दीड लाखाच्या वर, आज नोंदवलं तर सूट, हप्ते करून मिळतील. कोणत्या कंपनीचं काय टोचणार ते लेखी द्या म्हटल्यावर माहितीपत्रक हातात ठेवलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की ठराविक रक्तविकारांसाठीचं, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर हा प्रयोग समजायचा, तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या मुलीने शेजारच्या टेबलावरच्या आजोबांकडे मोर्चा वळवला. मला देवळाबाहेरच्या त्या माणसाइतकाच राग तिथल्या लोकांचा आला. त्यांच्याकडे पदव्या होत्या, खरं काय ते त्यांना ठाऊक होतं.

झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी करून देणारं औषध, इंजेक्शन किंवा यंत्र आज कुणाकडेही नाही. झिजलेल्या गुडघ्यातून बाहेर ओढून काढण्यासारखंही काही नसतं. या दोन्हींपैकी काहीही कुणी कबूल करत असेल आणि पैसे आजच मागत असेल, तर तिथून उठा. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा; महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तो बघता येतो. आणि ऑपरेशनच्या खर्चाची धास्ती असेल तर हेही सांगते की कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्राने ऑगस्ट 2017 पासून कमाल मर्यादा घातली आहे, बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा.

तुमच्या घरी हे घडून गेलं असेल तर आधी डॉक्टरकडे जा. त्या ब्लेडने आणि नळीने आधी कुणाकुणाला चिरलं असेल ते कळायला मार्ग नाही. आईला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या केल्या, आणि काही आठवड्यांनी पुन्हा केल्या, कारण संसर्ग लगेच दिसत नाही. नशिबाने सगळं ठीक निघालं. पोलिसांत तक्रार आम्ही दिली आहे. पैसे मिळालेले नाहीत. ज्या हवालदारांनी जबाब घेतला ते फार समजूतदारपणे वागले. त्यांनी सांगितलं की लोक लाजेपोटी येतच नाहीत किंवा महिन्यांनी येतात, तोवर बँकेतलं आणि सोसायटीतलं सीसीटीव्ही चित्रण पुसलं गेलेलं असतं. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम लागतं. शिवाय नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा महाराष्ट्रात वेगळा गुन्हा आहे. म्हणून उरलेल्या पुड्या, वाटी, फोन नंबर लिहिलेला कागद यांतलं काहीही टाकून देऊ नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, आणि पुडीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेही करा.