‘एअरपोर्ट-फ्रेंडली’ सॅक आणि तिच्यातली ती पट्टी: बरेच महिने वापरल्यावर

चेनचा रनर तुटला म्हणून हे लिहायला बसलो. धड चालणाऱ्या सॅकबद्दल कोण कशाला लिहील? ब्रँडचं नाव देत नाही. तक्रार अजून त्यांच्याकडे ‘प्रक्रियेत’ आहे, आणि हीच सॅक वेगवेगळी लेबलं लावून वेगवेगळ्या किमतींना मिळते हे एव्हाना कळलंय. पुस्तकासारखं सपाट उघडणारं, पाठीला कडक आधार असलेलं, ‘एअरपोर्ट-फ्रेंडली’ म्हणून विकलं जाणारं जे मॉडेल अर्ध्या आयटीवाल्यांच्या पाठीवर दिसतं, तेच हे. किती लिटर, किती कप्पे ते तुम्ही जाहिरातीत वाचलेलं असणार. यूएसबीचं भोक आहे. ते मी वापरलं नाही आणि वापरणारा माणूस अजून पाहिलेला नाही.

सेलमध्ये ३,७९९ रुपयांना घेतली. तेवढ्यात तुळशीबागेत चार सॅक आल्या असत्या असं आईचं मत पडलं. हिशोब तिचा बरोबर आहे, फक्त त्या चारही एका पावसाळ्यात जातात.

आता पट्टी. सॅकच्या पाठीत, लॅपटॉपच्या कप्प्याला लागून, एक उभी पोलादी पट्टी शिवलेली आहे. पाठ ताठ राहावी म्हणून. माझं काम गाड्यांच्या कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरचं, त्यामुळे पुणे-बंगळूर हेलपाटे ठरलेले. लोहगाव असो की तिकडचं विमानतळ, ही सॅक एक्स-रेमधून निघून सरळ माझ्या हातात आली असं क्वचितच होतं. ती बाजूच्या बेल्टवर वळते, मग हाक येते, “ये बॅग किसका है?” मी हात वर करतो. चार्जर, माउस, गोळ्यांची पाकिटं, लाडवांचा डबा, सगळं बाहेर. “पीछे क्या है इसमें?” पट्टी आहे साहेब. “खोलो.” खोलता येत नाही साहेब, शिवलेली आहे. मग पुन्हा मशीनमध्ये.

यात सीआयएसएफच्या जवानांचा काडीचा दोष नाही. ते यंत्र वस्तूंना रंग देऊन दाखवतं. अन्न, कागद, प्लास्टिक असल्या सेंद्रिय गोष्टी नारिंगी, पोलाद निळं, मधलं काही हिरवं, आणि किरण जिथून आरपार जात नाहीत ते काळं. स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच, म्हणजे तीही नारिंगी. पडद्यावर नारिंगी गठ्ठा, शेजारी बॅटरी, वरून तारा असं एकत्र दिसलं की थांबवायचं, हे त्यांचं शिक्षण. आता या सॅकची रचना बघा. पॉवर बँकेचा कप्पा पट्टीच्या बरोबर समोर, केबलचा त्याला चिकटून, आणि डबा मावेल अशी जागा फक्त तळाशी. या डिझायनरने एकदा तरी ही सॅक घेऊन विमानाने जायला हवं होतं. शिवाय यंत्राचं सॉफ्टवेअर अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात बंदुकीचं किंवा बॉम्बचं खोटं चित्र मुद्दाम घुसडतं, बघणारा जागा आहे ना हे तपासायला. ते सुटलं तर नोंद होते. माझी काळीनिळी पट्टी बघून त्याने “जाऊ दे” म्हणावं अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू?

आणि ते सपाट उघडणं! ती सोय मुळात अमेरिकेची आहे. तिकडची विमानतळ-सुरक्षा बघणाऱ्या टीएसएने २००८ मध्ये अशा बॅगांत लॅपटॉप आतच ठेवून स्कॅन करायला परवानगी दिली, तेव्हापासून ही जात निघाली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्येच ठेवावा लागतो. म्हणजे जी सोय इथे चालत नाही तिच्यासाठी सॅकभर फिरणारी लांबलचक चेन लावली, आणि तुटली तीच.

बाजूच्या बेल्टपाशी उभं राहून विचार करायला भरपूर वेळ मिळतो. हे सगळे नियम आले कुठून? बहुतेक नियमांमागे एकेक घटना आहे. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस-मायामी विमानात एकाने बुटातला बॉम्ब पेटवायचा प्रयत्न केला. मग अमेरिकेत बूट काढणं सुरू झालं, ते २००६ पासून सगळ्यांना सक्तीचं, आणि थेट जुलै २०२५ मध्ये सुटलं. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला आणि द्रवांसाठी १०० मिलीचा नियम जगभर गेला. २००९ च्या नाताळात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटक लपवलं, मग शरीर स्कॅन करणारी यंत्रं सर्रास आली. आपल्याकडे डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण झालेलं आयसी-८१४ विमान काठमांडूहून निघून कंदाहारला गेलं, आणि २००० मध्ये जयपूरपासून विमानतळ सीआयएसएफकडे जायला लागले. सुक्या खोबऱ्याची बंदी मात्र या यादीतली नाही बरं का. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. कोकणातून येणाऱ्यांनी वाद घालू नये.

आमच्या क्षेत्रात याला पॅच म्हणतात. बग सापडला, तेवढं भोक बुजवलं, यादीत एक ओळ वाढवली. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सी आणि सी प्लस प्लस या भाषा चालतात, आणि सीसाठी १९९८ पासून ‘मिसरा’ नावाची नियमावली आहे. हे करू नका, ते करू नका, पॉइंटरशी (म्हणजे मेमरीतल्या पत्त्याशी) असं खेळू नका. ऑफिसात सध्या दोन तट आहेत. जुन्यांचं म्हणणं, नियम पाळा, तपासणी कडक करा, वीस वर्षं चाललेला कोड कशाला हलवता? नव्यांचं म्हणणं, नियम माणसं मोडतातच, तेव्हा रस्ट या नव्या भाषेत लिहा. तिथे मेमरी चुकीची वापरण्याच्या बहुतेक चुका कंपायलरच, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअरच, अडवतं, प्रोग्राम तयारच होत नाही. मी नव्यांच्या बाजूचा, वय जुन्यांचं असलं तरी. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचे असतात. अँड्रॉइडने नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहायला घेतला आणि तिथलं हेच प्रमाण २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ वर आलं. जुना कोड फारसा न हलवता! यावर जुन्या तटाकडे उत्तर नाही. ते चहा घेतात.

विमानात याच्या तोडीचं काय? माझ्या मते कॉकपिटचं दार. ११ सप्टेंबर २००१ नंतर ते मजबूत केलं आणि आतून बंद व्हायला लागलं. त्या एका बदलाने चाकू दाखवून विमान ताब्यात घ्यायचा प्रकारच जवळपास संपवला. चाकू कुठल्या बॅगेतून आला याच्याशी दाराला देणंघेणं नाही. सॉफ्टवेअर-सुरक्षेतला ब्रूस श्नायर बरीच वर्षं हेच सांगतोय, की त्यानंतर खरा फरक दोनच गोष्टींनी पडला: हे दार, आणि आता प्रवासी गप्प बसणार नाहीत, झटापट करतील, ही जाणीव. बाकी बरंचसं दाखवण्यापुरतं. २०१५ मध्ये अमेरिकेत सरकारच्याच माणसांनी गुपचूप नकली शस्त्रं आणि स्फोटकं नेऊन पाहिली, ७० पैकी ६७ वेळा ती पार झाली.

इथवरचा भाग दसऱ्याच्या आधी लिहून ठेवला होता, रागात. सॅकला तेव्हा पाचपैकी एक तारा दिला होता. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या.

पहिली, कंपनीने हात वर केले. वॉरंटी वर्षाची, पण चेन ‘नेहमीच्या वापराची झीज’ यात मोडते म्हणे. चेन नेहमी वापरायची नाही तर काय दर्शनाला ठेवायची? फोटो मागितले, दिले. बिल मागितलं, दिलं. मग पुन्हा फोटो मागितले. शेवटी पुढच्या खरेदीवर २० टक्के सूट देऊ केली. ज्यांची चेन टिकत नाही त्यांच्याकडून मी दुसरी सॅक घ्यावी, अशी त्यांची कल्पना. मग रविवार पेठेत बोहरी आळीजवळ बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी चेनकडे बघितलंही नाही नीट, नवा रनर चढवला, ८० रुपये. म्हटलं, काका, ही पट्टी काढता येईल का? “काढतो की. पण मग पाठ बसंल हां. नंतर मला बोलू नका.” शिवण उसवली, पट्टी ओढून काढली, पुन्हा शिवली. अजून ५० रुपये. एकूण १३० रुपयांत जे काम झालं, त्यावर कस्टमर केअरशी माझा पत्रव्यवहार गणपतीपासून चालू होता.

आता सॅक थांबवली जात नाही. जवळपास कधीच नाही. पण काका म्हणाले ते खरं निघालं. लॅपटॉपचं वजन असलं की पाठ मधोमध वाकते आणि चार्जरचा ठोकळा कमरेत टोचतो. म्हणजे पट्टी अगदीच बिनकामाची नव्हती. पोलादाऐवजी कडक प्लास्टिकची घातली असती तर दोन्ही साधलं असतं, खर्चही फार वाढला नसता. हे कुणाला सुचू नये?

दुसरी गोष्ट ऑफिसातली. एका नव्या पोराने तावातावाने सांगितलं की जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइकचा घोटाळा रस्टमध्ये झालाच नसता. १९ तारखेला जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली आणि आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले, ते आठवत असेल. कुठल्याही अतिरेक्याला एका सकाळीत जे जमलं नाही ते सुरक्षेसाठीच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने केलं. कारण फुटकळ होतं. प्रोग्रामच्या हातात २० मूल्यं होती, तो २१वं वाचायला गेला. सी प्लस प्लसमध्ये तो मेमरीत भलतीकडे पोचला, आणि कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, असल्यामुळे अख्खं यंत्र घेऊन पडला. पण रस्टमध्ये तरी काय झालं असतं? हद्दीबाहेर वाचू दिलं नसतं हे खरं, मात्र तिथेही ठरलेलं वागणं म्हणजे थेट थांबणं. कर्नलमध्ये थांबणं म्हणजे पुन्हा निळा पडदा. परकं कुणी आत घुसलं नसतं, पण बोर्डिंग पास हातानेच लिहावे लागले असते. तो अपडेट आधी थोड्या यंत्रांवर सोडून पाहिला असता तर भाषा कुठलीही चालली असती. तेव्हापासून मी नव्या तटात असलो तरी जरा मागच्या बाकावर बसतो.

दाराचंही असंच आहे. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन बाहेर गेला, सहवैमानिकाने दार आतून बंद केलं आणि विमान आल्प्समध्ये नेऊन आपटलं. १५० माणसं. बाहेरच्याला रोखणाऱ्या दाराने बाहेरच्यालाच रोखलं, फक्त त्या दिवशी बाहेरचा माणूस कॅप्टन होता. तरीही मी दार काढा म्हणणार नाही.

मग माणसांची तपासणी बंद करावी का? नाही. बॉम्बने उडवलेल्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानाचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. २३ जून १९८५, ३२९ माणसं. बॅग चढली, तिचा मालक चढलाच नाही. टोरांटोला त्या दिवशी एक्स-रे यंत्र बंद पडलं होतं आणि हातातल्या वास घेणाऱ्या यंत्रावर काम भागवलं होतं. त्यामुळे “एक प्रवासी आला नाही, त्यांचं सामान उतरवत आहोत” अशी घोषणा झाली आणि आजूबाजूचे सुस्कारे सोडायला लागले, की मी त्यांच्यात नसतो. तो नियम पॅच नव्हे, दाराच्या जातीचा आहे. सामानात काय आहे हे ओळखता आलं नाही तरी तो कामाचा.

धोक्याचा आकडा मात्र आपण डोक्यात उलटा बसवलाय. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हिशोब मांडलाय की २००१ च्या हल्ल्यानंतर वर्षभर घाबरून विमान सोडून गाडीने गेलेल्या अमेरिकनांमुळे रस्त्यावर सुमारे १,५०० मृत्यू जादा झाले. आमच्याकडे एक सहकारी मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला त्या आठवड्यानंतर बंगळूरला कारने जायला लागला. त्या आठवड्यात ३२ विमानतळ बंद होते आणि शिडीपाशी दुसऱ्यांदा बॅगा तपासत होते, त्याची भीती समजते. पण तो रात्री निघतो, एकटा, कोल्हापूर-बेळगावमार्गे. त्याला कुणी काही बोलत नाही आणि माझ्या लाडवांच्या डब्याची चौकशी होते.

पॉवर बँकेबद्दल थोडं, कारण नवीन घेणारे विचारतात. ती चेक-इन सामानात घालायची नाही, सोबतच ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. वीस हजार एमएएचची साधारण ७४ होते, म्हणजे बसते. आणि वरच्या कप्प्यात टाकू नका, हाताशी ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला जमिनीवरच वरच्या कप्प्यातून आग लागली, संशय पॉवर बँकेवरच होता. या सॅकचा तो कप्पा बाहेरून उघडतो, सीटखाली सॅक असताना हात पोचतो. हे मात्र डोकं लावून केलंय.

आणि एक गोष्ट न लिहिणं अन्याय होईल. तळाशी छोट्या चेनमागे रेनकव्हर आहे. जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता. जुलैमध्ये लोहगावला उतरून रिक्षा मिळेपर्यंत मी नखशिखांत भिजलो, लॅपटॉपवर थेंब नाही. यासाठी एक तारा वाढवला, काकांच्या दुरुस्तीनंतर अजून अर्धा. अडीच.

३,७९९ ला घेऊ नका. दोन हजारांच्या आत मिळाली तर घ्या, वर १३० रुपये बाजूला काढा, आणि दुकानातच पाठीवरून हात फिरवून पट्टी कुठे आहे ते बघा. काका सोमवारी बंद असतात.